सांडपाणी प्रक्रिया: सोसायट्या, ग्रामपंचायती आणि वसतिगृहांकडून वारंवार येणारे प्रश्न

आम्ही सांडपाण्यावर संशोधन करतो आणि लहान-मध्यम प्रकल्पांना सल्ला देतो. फोनवर, ईमेलवर आणि सोसायट्यांच्या वार्षिक सभांमध्ये जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, पुढे अपवाद आणि अडचणीचे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सांडपाणी म्हणजे नेमकं कुठलं? मोरीचं आणि संडासाचं पाणी वेगळं धरायचं का?

घरात वापरून झालेलं सगळं पाणी सांडपाणीच. तरीही न्हाणी, बेसिन आणि कपडे धुण्याचं पाणी एका बाजूला आणि संडासाचं दुसऱ्या बाजूला ठेवता आलं, तर काम बरंच सोपं होतं. पहिल्या प्रकारात साबण आणि मळ असतो, रोगजंतू त्या मानाने कमी. स्वयंपाकघरातलं पाणी मात्र दिसतं तेवढं निरुपद्रवी नसतं; त्यातलं तेल आणि खरकटं प्रक्रियेवर मोठा भार टाकतं.

गावांमध्ये हे दोन प्रवाह बहुधा आधीपासूनच वेगळे असतात. संडास शोषखड्ड्याला किंवा सेप्टिक टँकला जोडलेला असतो आणि मोरीचं पाणी उघड्या गटारात जातं. शहरी इमारतीत दोन्ही पाइप खाली एकाच चेंबरमध्ये येतात. इमारत बांधून झाल्यावर ते वेगळे करायचे म्हणजे प्रत्येक डक्ट उघडायची, आणि तो खर्च सहसा परवडत नाही. नवं बांधकाम असेल तर आर्किटेक्टशी हे आत्ताच बोला.

२. आमच्याकडे रोज किती सांडपाणी निघतं, हे कसं काढायचं?

शहरी भागासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं. १०० फ्लॅट, घरटी साडेचार माणसं, म्हणजे ४५० माणसं. पाणीवापर ६०,७५० लिटर आणि सांडपाणी सुमारे ४८,६०० लिटर. म्हणून अशा सोसायटीला ५० हजार लिटरचा प्लांट सुचवला जातो. गावासाठी जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी ५५ लिटर आहे, त्यामुळे तिथला आकडा बराच कमी येतो.

हा कागदावरचा हिशोब झाला. प्रत्यक्षात एखादी सोसायटी टँकरवर असते आणि जपून वापरते, तर दुसरीकडे टाक्या रोज ओसंडून वाहतात. पाण्याचं मीटर असेल तर महिनाभराची रोजची नोंद ठेवा. मीटर नसेल तर पंप किती वेळ चालतो ते लिहा आणि एकदा टाकी भरायला लागणारा वेळ मोजा. त्यावरून रोजचं पाणी निघतं. रविवारचा आकडा वेगळा लिहा, कारण त्या दिवशी कपडे धुतले जातात आणि सगळे घरी असतात.

३. एसटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लांटमध्ये, पाण्याचं होतं तरी काय?

आधी जाळीवर प्लास्टिक, चिंध्या आणि केस अडतात, मग तेल-ग्रीस वेगळं होतं. त्यानंतर पाणी एका मोठ्या टाकीत साठवतात. सकाळी सात ते दहा येणारा लोंढा तिथे थोपतो आणि दिवसभर एकसारख्या वेगाने पुढे जातो. खरं काम त्यापुढच्या टाकीत होतं. तिथे जिवाणू पाण्यातला सेंद्रिय मळ खातात आणि वाढतात. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चालतो तो त्यांना श्वास घेता यावा म्हणून. मग जिवाणूंचा गाळ खाली बसतो, वरचं पाणी गाळणीतून जातं आणि शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणांनी उरलेले रोगजंतू मारतात.

ही पद्धत नवी नाही. गाळ परत फिरवून हवा देण्याची कल्पना आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरमध्ये १९१४ साली मांडली. आजचे बरेच प्लांट त्याच तत्त्वाच्या सुधारित आवृत्त्या आहेत.

४. रिपोर्टमध्ये बीओडी, सीओडी, टीएसएस असं लिहिलेलं असतं. त्यावरून काय समजायचं?

बीओडी म्हणजे पाण्यातला मळ कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. आपल्याकडे तो २७ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत मोजतात. घरगुती कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. हा आकडा माणशी रोज २७ ग्रॅम मळ आणि १०८ लिटर सांडपाणी यांच्या भागाकारातून येतो. सीओडी रसायनाने मोजतात. त्यात जिवाणूंना न पचणारे पदार्थही धरले जातात, म्हणून तो नेहमी बीओडीपेक्षा जास्त असतो. टीएसएस म्हणजे पाण्यात तरंगणारे घन कण.

आम्ही आधी सीओडी आणि बीओडी यांचं गुणोत्तर बघतो. कच्च्या घरगुती सांडपाण्यात सीओडी साधारण बीओडीच्या दुप्पट असतो. तो चौपट-पाचपट दिसला, तर रसायन कुठून येतं आहे ते शोधावं लागतं. आणखी एक गोष्ट तपासा. सहा महिन्यांच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक वेळी बीओडी अगदी सारखाच असेल, तर नमुना खरोखर घेतला गेला का, हे कमिटीने विचारलंच पाहिजे. जिवंत प्लांटचे आकडे खालीवर होतात.

५. एसटीपी विकणारी कंपनी डिझाइन फुकट देते. मग सल्लागाराला वेगळे पैसे का द्यायचे?

कंपनी प्रामाणिक असली तरी ती तिच्याकडे असलेलाच प्लांट सुचवणार. ‘प्लांट लागणार का’ हा प्रश्न तिच्यासमोर नसतो. आमच्याकडे आलेल्या काही ठिकाणी जुन्या प्लांटचे डिफ्यूझर (टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारे भाग) बदलून आणि गाळ काढण्याचं वेळापत्रक बसवून काम झालं, नवं काही बांधावंच लागलं नाही.

देशाचा आकडा डोळे उघडणारा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार शहरी भागात रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. बसवलेली प्रक्रिया क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे क्षमता अपुरी आहेच, पण उभी असलेली क्षमताही पूर्ण वापरली जात नाही. यंत्रं आणली, उद्घाटन झालं आणि पुढे चालवायला माणूस नाही किंवा विजेचे पैसे नाहीत, ही गोष्ट आम्हाला फार अस्वस्थ करते. प्लांट कोण चालवणार, हे ठरल्याशिवाय डिझाइनला हात लावू नये, असं आमचं ठाम मत आहे.

सल्लागार निवडताना एवढं नक्की विचारा: तुम्ही यंत्रं विकता का, किंवा विकणाऱ्याकडून कमिशन घेता का? उत्तर लेखी घ्या.

६. ‘अभ्यास करू’ म्हणता, म्हणजे प्रत्यक्षात काय करता?

ते जागेवर अवलंबून असतं. सोसायटीत प्रवाह मोजणं, नमुने, जुन्या टाक्यांची मापं आणि ऑपरेटरशी निवांत बोलणं एवढं पुरतं. ऑपरेटरशी बोलणं आम्ही कधीच वगळत नाही. रात्री दोन वाजता कुठला व्हॉल्व्ह अडकतो, हे कागदावर कुठेच नसतं.

गावात आधी शिवारफेरी. उतार कुठे आहे, पाणी कुठे मुरतं, कुठल्या गल्लीत खडक वर आहे, विहिरी आणि हातपंप गटारापासून किती लांब आहेत, ते बघतो. नंतर पाणी मुरण्याची चाचणी: खड्डा खणायचा, आदल्या दिवशी भिजवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी किती वेळात किती खाली जाते ते मोजायचं. काळ्या चिकण मातीत पाणी तासन्‌तास हलत नाही, मुरमाड जमिनीत भराभर उतरतं. शोषखड्डा चालेल की नाही, याचं उत्तर या एका चाचणीतून मिळतं.

पाणी नेहमीचं नसेल, उदाहरणार्थ अन्नप्रक्रिया उद्योगाचं, तर आधी दोन-तीनशे लिटरच्या टाक्यांत छोटा प्रयोग काही आठवडे चालवतो. मोठ्या टाक्या बांधण्याचा निर्णय त्यानंतर.

७. तपासणीसाठी नमुना आमचा वॉचमन बाटलीत भरून देईल, चालेल ना?

चालणार नाही. सकाळी आठचं पाणी आणि दुपारी तीनचं पाणी यांत खूप फरक असतो. म्हणून दिवसभरात ठरावीक अंतराने थोडंथोडं पाणी घेऊन, त्या-त्या वेळच्या प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र करतात. बाटली स्वच्छ हवी, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. गरम गाडीत संध्याकाळपर्यंत राहिलेल्या नमुन्याचा बीओडी आपोआप कमी झालेला असतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

रोगजंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी, निर्जंतुक केलेली लागते. पाण्यात क्लोरीन टाकलेलं असेल तर बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट असावं लागतं. नाहीतर बाटलीतही क्लोरीन जंतू मारत राहतं आणि तुमच्या नळातून खरं काय बाहेर पडतं ते कळत नाही.

८. एमबीबीआर, एसबीआर, एमबीआर यांपैकी सर्वांत चांगलं काय?

असं एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एमबीबीआरमध्ये प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू चिकटून वाढतात. जागा कमी लागते आणि भार थोडा खालीवर झाला तरी सांभाळून घेतं. एसबीआरमध्ये हवा देणं, गाळ बसवणं आणि पाणी सोडणं हे सगळं एकाच टाकीत वेळेनुसार होतं. पाणी चांगलं मिळतं, पण टायमर आणि व्हॉल्व्ह नीट चालायला हवेत. एमबीआरमध्ये अतिसूक्ष्म पडदे असतात. पाणी अतिशय नितळ येतं, मात्र पडदे धुण्याची रसायनं, वीज आणि काही वर्षांनी पडदेबदल असा खर्च कायम मागे राहतो.

जागा मोकळी असेल तर नैसर्गिक पद्धतींचा विचार आधी करावा (प्रश्न ९). आयआयटी मुंबईत विकसित झालेली मृदा जैवतंत्रज्ञान पद्धतही आहे, ज्यात माती आणि खडीच्या थरातून पाणी झिरपवतात.

आम्ही निवडीआधी तीन गोष्टी विचारतो. शुद्ध केलेलं पाणी कुठे वापरणार? रोज किती तास माणूस उपलब्ध आहे? आणि महिन्याचा मेंटेनन्स किती झेपेल? या तिन्हींची खरी उत्तरं मिळाली की पर्याय बहुधा एक-दोनच उरतात.

९. कर्दळ लावून पाणी शुद्ध होतं म्हणतात, हे खरं आहे का? डास नाही का होणार?

खरं आहे, फक्त शुद्ध करते ती एकटी कर्दळ नव्हे. खडीच्या पृष्ठभागावर आणि मुळांभोवती वाढलेले जिवाणू मुख्य काम करतात. अशा वाफ्याला रूट झोन म्हणतात. नागपूरच्या नीरीची (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) फायटोरीड पद्धत याच तत्त्वावर आहे.

यात आधी पाणी बसवण्याची टाकी हवीच. ती वगळली की खडीचा थर गाळाने भरतो आणि वर्ष-दोन वर्षांत पाणी वर साचायला लागतं. अपयशी ठरलेल्या बहुतेक रूट झोनमध्ये आम्हाला हेच कारण दिसलं. त्यानंतर साधारण ६० सेंटिमीटर खोल खडीचा वाफा, त्यात कर्दळ, पाणकणीस किंवा लव्हाळा. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखाली चार बोटं ठेवली की पाणी उघडं दिसतच नाही, आणि डास अंडी घालायला येत नाहीत. डास झालेच, तर पाणी वर आलं आहे असं समजा आणि बाहेर जाणाऱ्या पाइपची उंची तपासा.

जागेचा हिशोब माणशी एक ते दोन चौरस मीटर. दोनशे मुलांच्या निवासी शाळेला दोनशे ते चारशे चौरस मीटर लागतील. गावाकडे एवढी जागा निघते, शहरातल्या सोसायटीत सहसा नाही. कर्दळ दर काही महिन्यांनी छाटावी लागते. वाळलेली पानं वाफ्यात कुजू देऊ नका.

१०. वीज अजिबात न लागणारा प्लांट होतो का?

उतार असेल तर होतो. सेप्टिक टँक, त्यापुढे पाण्याच्या वाटेत आडव्या येणाऱ्या भिंती घातलेली टाकी ज्यात पाणी खालीवर होत जातं, मग रूट झोन आणि शेवटी उघडं तळं. याला विकेंद्रित पद्धत म्हणतात आणि ती वसतिगृहं, आश्रमशाळा, लहान वाड्यांना चांगली लागू पडते. सपाट जागेवर निदान एक पंप लागतोच.

११. बीओडी १० पाहिजे की ३०? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

गोंधळ होणं स्वाभाविक आहे. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी २० आणि इतर ठिकाणी ३० अशी मर्यादा होती (हे सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये). राष्ट्रीय हरित अधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती कडक केली: बीओडी १०, सीओडी ५०, टीएसएस २०, एकूण नायट्रोजन १०. तुमच्यापुरतं बंधनकारक काय, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जो आकडा छापला आहे तो. ते पत्र कपाटातून बाहेर काढा आणि वाचा. बहुतेक कमिट्यांनी ते कधी उघडलेलंच नसतं.

नायट्रोजन १० हा यातला सर्वांत अवघड आकडा. नुसती हवा देऊन अमोनियाचं नायट्रेट होतं, नायट्रोजन पाण्यातच राहतो. तो काढायला हवा नसलेली वेगळी टाकी आणि पाणी परत फिरवण्याची सोय लागते. जुन्या प्लांटमध्ये ती बहुधा नसते. आमचं मत असं, की सगळं पाणी बागेला आणि झाडांना जात असेल तर तोच नायट्रोजन खत म्हणून कामी येतो. पण संमतीपत्रात आकडा असेल तर तो पाळावाच लागतो, मत काहीही असो.

१२. परवानग्या कोणत्या लागतात?

२०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्यात सांडपाण्याच्या अटी असतात. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आधी प्लांट उभारण्याची आणि नंतर चालवण्याची संमती घेतात. बिल्डरने सोसायटीकडे ताबा देताना या संमतीची मुदत, तिचं नूतनीकरण आणि टाक्यांचे प्रत्यक्षातले नकाशे मागून घ्या. नकाशे एकदा हरवले की जमिनीखालचा पाइप शोधायला फरशी फोडावी लागते.

१३. प्लांट चालू आहे, तरी वास येतो. काय करायचं?

आधी वास कसला आहे ते ओळखा. सडक्या अंड्यासारखा असेल तर कुठेतरी प्राणवायू संपला आहे. पाणी साठवण्याच्या टाकीत हवा जात नसेल, डिफ्यूझर बुजले असतील किंवा रात्री वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवत असतील. हे शेवटचं कारण आम्हाला सर्वांत जास्त वेळा सापडतं. काही तास हवा नसली की जिवाणू गुदमरतात, आणि सकाळी ब्लोअर लावल्यावर साठलेला सगळा वास एकदम बाहेर पडतो.

मग एक सोपी चाचणी करा. एक लिटरची काचेची नळी घ्या, हवेच्या टाकीतलं पाणी त्यात भरा आणि अर्धा तास न हलवता ठेवा. गाळ चॉकलेटी हवा, ओल्या मातीसारखा वास यायला हवा, खाली बसायला हवा आणि वर नितळ पाणी दिसायला हवं. एमबीबीआर सोडून इतर प्लांटमध्ये गाळ साधारण २५० ते ३५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत असेल तर ठीक. काळा गाळ म्हणजे हवा कमी. गाळ खूपच जास्त असेल तर तो काढायची वेळ टळून गेली आहे. गाळ बसतच नसेल आणि पाणी गढूळ राहत असेल तर जिवाणू मेले असण्याची शक्यता (प्रश्न १५). ही नळी ऑपरेटरने रोज एकाच वेळी भरावी आणि फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकावा, असं आम्ही सगळीकडे सांगतो. महिन्याभराचे फोटो ओळीने पाहिले की बिघाड कधी सुरू झाला तो दिवस सापडतो.

१४. अर्धी इमारत रिकामी आहे. किंवा वसतिगृहाला सुट्टी लागली की पाणीच येत नाही. प्लांट बंद ठेवावा का?

पूर्ण बंद करू नका. प्लांट सुरुवातीपासूनच दोन समांतर भागांत बांधला असेल तर एकच भाग चालवा. तसं नसेल तर ब्लोअर टायमरवर लावून थोड्याथोड्या वेळाने चालवा, नाहीतर खायला कमी आणि हवा जास्त अशा स्थितीत गाळ भुगा होऊन पाण्याबरोबर निघून जातो. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुलं परतण्याच्या आठवडाभर आधी जवळच्या चालू प्लांटमधला ताजा गाळ एक टँकर आणून टाकला, तर प्लांट लवकर मूळपदावर येतो. शेण टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात. नवा प्लांट सुरू करताना त्याचा थोडा उपयोग होतो, पण चालू प्लांटचा गाळ मिळत असेल तर शेणाची गरज नाही, आणि शेणातले तंतू पंपात अडकतात.

१५. संडासात ॲसिड, फिनेल टाकल्याने प्लांट खरंच बिघडतो?

एका घरातल्या एका बाटलीने नाही. शंभर घरांत रविवारी सकाळी एकाच वेळी ॲसिड ओतलं तर मात्र बिघडतो. त्याहून जास्त त्रास होतो तो पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या ठेकेदाराने क्लोरीनचं सगळं पाणी ड्रेनेजमध्ये सोडल्यावर, आणि जलतरण तलाव रिकामा केल्यावर. हे पाणी वळवा किंवा क्लोरीन उडून जाईपर्यंत थांबा. सॅनिटरी पॅड, डायपर आणि ओले टिश्यू हे संडासात कधीच नकोत. पंप जळण्यामागे यांचा वाटा मोठा असतो.

१६. शुद्ध केलेलं पाणी नेमकं कशासाठी वापरता येतं?

फ्लश, बाग, रस्ते धुणं, बांधकाम, एसीचे कूलिंग टॉवर. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी किंवा अंघोळीसाठी नाही. फ्लशची पाइपलाइन वेगळ्या रंगाची ठेवा आणि तिच्यावर कुठेही पिण्याच्या पाण्याची जोडणी होऊ देऊ नका. पाणी कमी पडलं की प्लंबर दोन लाइनी जोडून टाकतो, आणि तिथून आजार सुरू होतात. दुरुस्तीनंतर दर वेळी हे तपासा.

शेतीत ऊस, चारा आणि झाडांना हे पाणी देता येतं. कोथिंबीर, मेथी, काकडी, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना देऊ नका, निदान पानांवर आणि फळांवर पडू देऊ नका.

मोठ्या प्रमाणावर काय होऊ शकतं, हे नागपुरात दिसतं. भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं रोज १३० दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला देण्याचा प्रकल्प महापालिका आणि महाजेनको (राज्याची वीजनिर्मिती कंपनी) यांनी उभा केला. तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी मोकळं होतं. पाण्याचा ग्राहक आधी ठरवला आणि प्रकल्प त्याच्याभोवती आखला, म्हणून आम्हाला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं.

१७. प्लांटमधून निघणाऱ्या गाळाचं काय करायचं?

गाळ निघालाच पाहिजे, ही पहिली गोष्ट. ‘आमच्या प्लांटला गाळच निघत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या ठिकाणी तो पाण्याबरोबर नाल्यात जात असतो. काढलेला गाळ फिल्टर प्रेसमधून दाबून किंवा वाळूच्या वाफ्यावर सुकवून, मग पालापाचोळ्याबरोबर नीट कंपोस्ट करा. ढीग आतून तापला पाहिजे, त्याशिवाय जंताची अंडी मरत नाहीत. ताजा गाळ कुंड्यांत टाकू नका.

१८. आमच्याकडे फक्त सेप्टिक टँक आहे. ती प्रक्रिया धरतात का?

अर्धवट. सेप्टिक टँक घन पदार्थ बसवते आणि बीओडी साधारण ३० ते ५० टक्के कमी करते. बाहेर येणारं पाणी रोगजंतूंनी भरलेलंच असतं. ते गटारात सोडणं चुकीचं आहे. पुढे शोषखड्डा, पाझरचर किंवा रूट झोन हवा. दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला नाही, तर टाकी नुसती मधली वाट म्हणून उरते.

साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकमधल्या सिन्नर नगरपरिषदेने यावर चांगला मार्ग काढला. टाकी तुंबण्याची वाट न बघता ठरलेल्या वेळापत्रकाने शहरातल्या सगळ्या टाक्या उपसायच्या आणि तो मैला वेगळ्या प्रक्रिया केंद्रात न्यायचा. तुमच्या गावात असं केंद्र नसेल, तर सक्शन टँकरवाला मैला कुठे ओततो ते त्याला विचारा.

१९. टाकी साफ करायला माणूस आत उतरवला तर चालेल का? दोन मिनिटांचं काम आहे.

नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँक आणि गटारं सुरक्षासाधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेणं हा गुन्हा आहे. त्यात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निर्णय दिला. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वास येणंच बंद होतं, त्यामुळे ‘वास नाही, म्हणजे उतरायला हरकत नाही’ हा समज जीव घेतो. पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि बातमीत दोन-तीन नावं असतात. मशीन मागवा. मशीन पोचत नसेल तर टाकीचं झाकण आणि रस्ता दुरुस्त करून घ्या.

२०. ग्रामपंचायतीला यासाठी निधी मिळतो का?

मिळतो. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावांना ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठरवली गेली. त्यातले ७० टक्के मिशनचे आणि ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. म्हणजे २,००० वस्तीच्या गावाला ५ लाख ६० हजारांपर्यंत. प्रस्ताव करण्याआधी सध्याची तरतूद पंचायत समितीत विचारून घ्या.

एवढ्या पैशांत यांत्रिक एसटीपी उभा करायचा विचारही करू नका. पैसा आधी घरोघरच्या शोषखड्ड्यांवर घाला. नांदेड जिल्ह्यात त्यामुळे गटारं कोरडी झाली आणि डास कमी झाले. ज्या गल्लीत खडक आहे किंवा दाटी आहे, तिथलं पाणी गोळा करून गावाबाहेर एक तळं किंवा रूट झोन करा. विहिरीजवळ शोषखड्डा घेऊ नका आणि भूजलाची पावसाळ्यातली पातळी आधी बघा; कोकणात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

२१. आमचा ओढा काळा झाला आहे. थेट ओढ्यातच प्रक्रिया करता येईल का?

काही प्रमाणात येते. पुण्यातल्या सृष्टी इको-रिसर्च इन्स्टिट्यूटची ग्रीन ब्रिज पद्धत उदयपूरच्या आयड नदीवर वापरली गेली. त्यात दगड, तंतुमय पदार्थ आणि वनस्पतींचे बांध पाण्याच्या वाटेत घालतात. प्रवाह कमी असेल आणि घाण मुख्यतः घरगुती असेल तर फरक दिसतो. पहिल्या मोठ्या पावसात बांध वाहून जाऊ शकतात, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर देखभाल ठरलेली हवी. कारखान्याचं पाणी येत असेल तर ते उगमाशीच अडवावं लागतं, ओढ्यात काही करून भागत नाही.

२२. हॉटेल, मंगल कार्यालय, डेअरी, दवाखाना यांना हेच नियम?

पाणी वेगळं, म्हणून डिझाइनही वेगळं. हॉटेल आणि मंगल कार्यालयाला तेलाचा सापळा मोठा लागतो आणि तो आठवड्याला साफ करावा लागतो. मंगल कार्यालयात एका दिवसात हजार माणसांचं पाणी आणि मग चार दिवस काहीच नाही, त्यामुळे साठवणटाकी मोठी ठेवा आणि पाणी हळूहळू प्रक्रियेत सोडा (रिकाम्या दिवसांसाठी प्रश्न १४).

डेअरीवाल्यांना आम्ही एक हिशोब सांगतो. दुधाचा बीओडी लिटरला सुमारे एक लाख मिलिग्रॅम असतो. म्हणजे सांडलेलं एक लिटर दूध जवळजवळ चार माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याएवढा भार टाकतं. कॅन आणि टँकरमधलं उरलेलं दूध निथळून वेगळं घेतलं, तर प्लांटचा आकारच कमी होतो. दवाखान्यातलं प्रयोगशाळेचं आणि शस्त्रक्रियागृहाचं पाणी आधी निर्जंतुक करून मगच ड्रेनेजला जोडा.

२३. पावसाळ्यात प्लांट भरून वाहतो. क्षमता वाढवावी का?

आधी गच्चीचे पाइप कुठे जोडले आहेत ते बघा. पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेलं असतं, किंवा चेंबरची झाकणं जमिनीच्या पातळीखाली असतात. मुसळधार पावसात चेंबर उघडून पाण्याचा रंग बघितला तरी कळतं. जोडण्या वेगळ्या करणं क्षमता वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

२४. विजेचं बिल फार येतं. कमी कसं करायचं?

पाच हॉर्सपॉवरचा, म्हणजे ३.७ किलोवॉटचा ब्लोअर रोज २० तास चालला तर दिवसाला ७४ युनिट. ५० हजार लिटरच्या प्लांटवर हा खर्च हजार लिटरला दीड युनिटच्या आसपास पडतो. पाण्यातला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहिला की पुरतं. त्याहून जास्त हवा म्हणजे पैसे वाया. मीटर लावून मोजा, बुजलेले डिफ्यूझर बदला, ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवा. ब्लोअर बंद ठेवणं हा उपाय नाही (प्रश्न १३).

२५. महापालिकेची ड्रेनेज लाइन आमच्या दारात आली. आता प्लांट बंद करता येईल का?

संमतीपत्राच्या आणि पर्यावरण मंजुरीच्या अटींत प्लांट चालवणं लिहिलेलं असेल, तर नुसती लाइन आली म्हणून बंद करता येत नाही. मंडळाकडे आणि महापालिकेकडे लेखी विचारा. अट नसली तरी आमचा सल्ला असा, की फ्लश आणि बागेला लागेल तेवढं पाणी स्वतः शुद्ध करा आणि उरलेलं लाइनला सोडा. टँकरवर खर्च करणाऱ्या सोसायटीला हे बहुतेक वेळा फायद्याचं पडतं. निर्णयाआधी दोन्ही खर्च शेजारीशेजारी मांडून सभेत ठेवा.

२६. तुम्हाला बोलवायच्या आधी आम्ही काय तयार ठेवू?

संमतीपत्र, टाक्यांचे नकाशे, वर्षभराची वीज आणि पाण्याची बिलं, शेवटचे तपासणी अहवाल आणि ऑपरेटरची वही. वही नसेल तर आजपासून सुरू करा: तारीख, मीटरचा आकडा, ब्लोअरचे तास, काचेच्या नळीतला गाळ, त्या दिवशी काय बिघडलं. आणि आम्ही येऊ त्या दिवशी ऑपरेटरला सुट्टी देऊ नका.